काचेमागची चकती: फ्रिसबी की डिस्क गोल्फची?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या मावसभावाच्या डोक्यात सध्या एक खूळ शिरलंय. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडे सकाळी फिरायला येणारी माणसं बघून तो म्हणतो, "दादा, इथं जवळपास व्हेंडिंग मशीन लावूया. चिप्स-बिस्किटं सगळेच ठेवतात, आपण डिस्क गोल्फच्या चकत्या ठेवू." डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी चकती फेकून खेळायचा गोल्फ. नमुन्याला त्याने चार चकत्या मागवल्या आणि कॉलेजात अल्टिमेट, म्हणजे फ्रिसबीचा सांघिक खेळ, खेळायचा तेव्हाची फ्रिसबी माळ्यावरून काढून शेजारी मांडली. मावशी म्हणाली, "एकच तर हाय की."

शहापुरातल्या किराणा दुकानात अण्णांच्या काट्यावर ठेवून बघितलं तर काटाही मावशीच्याच बाजूचा. फ्रिसबी 175 ग्रॅम, गोल्फची चकती 174. फरक दिसला तो पट्टी लावल्यावर. फ्रिसबीचा व्यास 27 सेंटिमीटरच्या पुढे, गोल्फच्या चकतीचा जेमतेम 21. डिस्क गोल्फची संघटना पीडीजीए, 1976 सालची. तिच्या नियमात व्यास 21 सेंटिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि दर सेंटिमीटरमागे वजन 8.3 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. 21 गुणिले 8.3 करा, 174 येतात. वजन सारखं भरलं ते असं, निव्वळ योगायोगाने.

तेवढंच वजन लहान घेरात बसवायचं म्हटल्यावर ते काठात जातं. फ्रिसबीचा काठ गोलसर आणि बोथट असतो, कारण ती समोरच्याने झेलायची असते. गोल्फची चकती कुणी झेलत नाही. ती साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची, आणि कमीत कमी फेकीत टाकेल तो जिंकला. टोपली नसेल तर झाडाचा बुंधाही चालतो. हिच्यातला ड्रायव्हर हा लांब फेकायचा प्रकार हातात घेऊन बघा, काठ निमुळता लागतो. तो जोरात येताना झेलायला गेलात तर बोटं सुजलीच म्हणून समजा.

गोंधळाला इतिहासही कारण आहे. व्हॅम-ओ कंपनीत फ्रिसबी सुधारणारे एड हेडरिक यांनीच 1975 मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान आखलं, साखळीच्या टोपलीचं पेटंटही त्यांचंच. सुरुवातीला लोक साध्या फ्रिसबीनेच खेळत. काठ निमुळता केलेली पहिली चकती, इनोव्हा कंपनीची 'ईगल', 1983 ची. तिथून दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या.

दुकानात हे सांगायला माणूस असतो. मशीनला तोंड नाही. काचेमागे दोन्ही रंगीत, दोन्ही गोल, आणि क्यूआर स्कॅन करून पैसे भरले की चकती खाली पडली. म्हणून गोल्फच्या चकतीवरचे चार आकडे काचेतून दिसतील अशीच ती उभी करायला हवी: वेग, तरंग (हवेत किती टिकते), वळण (सुरुवातीला किती वळते) आणि शेवटचा कल (वेग ओसरल्यावर किती झुकते). पहिला आकडा सगळ्यात फसवा. वेग 12 म्हणजे चकती आपोआप लांब जाते असं नाही. तेवढ्या जोरात फेकणारा हात असेल तरच ती नीट उडते. उजव्या हाताने फेकणाऱ्या नवख्याच्या हातून तीच चकती जरा पुढे जाऊन डावीकडे आदळते. टोपलीजवळून टाकायच्या पटरचा आकडा 2-3, मधल्या अंतराच्या मिडरेंजचा 4-5 असतो, आणि सुरुवातीला तेवढं पुष्कळ. माझं मत विचाराल तर मशीनमध्ये ड्रायव्हर ठेवूच नयेत. आठवीतलं पोरगं तो फ्रिसबी समजून घेणार आणि मित्राला "झेल रे" म्हणणार.

मशीनच्या पोटातही दोघींची तऱ्हा वेगळी. चकती उभी ठेवायची तर एका स्प्रिंगवर ती कलंडते आणि अडकते, उलटसुलट फिरणाऱ्या दोन स्प्रिंगांमध्ये धरली की सरळ पुढे येते. फ्रिसबी सहा सेंटिमीटरने उंच, तिच्यासाठी वरचा कप्पा आणखी वर सरकवावा लागतो, म्हणजे एक ओळ गेलीच.

भावाने आता मधल्या दोन ओळी पटर आणि मिडरेंजला दिल्यात, फ्रिसबी एकदम खालच्या कप्प्यात. काचेवर चिकटवायला मराठी आणि कन्नड दोन्हीत पाटी लिहून घेतली आहे: "वरची झेलू नका, खालची झेला." मावशीने ती वाचली आणि विचारलं, "मग वरची घ्यायची कशाला?"