बाप्तिस्मा, दृढीकरण, प्रभुभोजन आणि विवाह: चर्चमध्ये अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

बाळाचा बाप्तिस्मा असो, मुलीचं दृढीकरण असो की लग्न, चर्चच्या ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमची नोंद कुठल्या मंडळीत, म्हणजे कुठल्या स्थानिक चर्चमध्ये, आहे?" आधारकार्ड नंतर. या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं, कारण इथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा राहतो. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, दृढीकरणासाठीही तोच. म्हणून लग्न ठरल्यावर धावपळ करण्यापेक्षा आपल्या बाप्तिस्म्याची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे, हे आजच आईवडिलांना विचारून ठेवावं.

ही माहिती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या मंडळ्यांची आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं चर्च आणि इतर पाच चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय झालं आणि ते जागतिक अँग्लिकन परिवाराचंही सभासद आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि मराठवाडा असे त्याचे धर्मप्रांत, म्हणजे एकेका बिशपच्या हाताखालचे विभाग, आहेत. मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल किंवा पुण्याचं पंचहौद ही मुळातली अँग्लिकन देवळं. नगरकडच्या बऱ्याच मंडळ्या मात्र अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या. बिशप एकाच चर्चचे, तरी मंडळी बदलली की रीतही थोडी बदलते, हे लक्षात ठेवलं तर "आमच्याकडे असं नसतं" हा वाद टळतो.

संस्कार किती, हा प्रश्न कॅथलिक शेजारी हमखास विचारतात. त्यांच्याकडे सात. अँग्लिकनांच्या एकोणचाळीस कलमांपैकी पंचविसावं कलम सांगतं की ख्रिस्ताने स्वतः शुभवर्तमानात नेमून दिलेले संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. दृढीकरण, विवाह, पाळकाची दीक्षा हे विधी मानाचे, पण त्या पंक्तीतले नाहीत. आत होणाऱ्या कृपेची बाहेर दिसणारी खूण, अशी संस्काराची व्याख्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत आहे. पाणी, भाकर आणि द्राक्षारस या त्या खुणा. अर्जाच्या दृष्टीने गंमत अशी की ज्याला संस्कार म्हणत नाहीत, त्या लग्नालाच सगळ्यात जास्त कागद लागतात, आणि प्रभुभोजनाला जवळजवळ एकही नाही.

बाळाचा बाप्तिस्मा

आईवडिलांपैकी निदान एक जण मंडळीचा सभासद असावा, अशी अपेक्षा असते. अर्ज पाळकसाहेबांकडे द्यायचा. सोबत बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचे बाप्तिस्म्याचे किंवा सभासदत्वाचे दाखले, त्यांच्या लग्नाचा दाखला आणि धर्मपिता-धर्ममातांची, म्हणजे बाळाला विश्वासात वाढवायची जबाबदारी घेणाऱ्यांची, नावं. हे दोघे-तिघे स्वतः बाप्तिस्मा घेतलेले हवेत. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाचा नियम मुलासाठी दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता, मुलीसाठी उलट, असा आहे. आज बहुतेक ठिकाणी इतकं काटेकोर बघत नाहीत, पण धर्मपिता परगावच्या मंडळीचा असेल तर त्याच्या पाळकांचं पत्र मागतात. ज्याला बाळाचं पुढे काहीच बघायचं नाही, अशा साहेबाला केवळ मानासाठी उभं करू नये, हे माझं मत.

दुसऱ्या मंडळीतून आलेल्यांनी तिथल्या पाळकांचं शिफारसपत्र आणावं. ते नसेल तर अर्ज नाकारला जात नाही, फक्त लांबतो. बाप्तिस्म्याआधी आईवडील आणि धर्मपालकांची एखादी बैठक होते, तिला दांडी मारू नये.

सीएनआयमध्ये बालबाप्तिस्मा आणि समज आल्यावर घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. ज्या घरांना मुलाने मोठं होऊन स्वतः ठरवावं असं वाटतं, ते बाळाचं अर्पण करतात, म्हणजे त्याला प्रार्थनेने देवापुढे ठेवतात. अर्पण म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. पुढे दाखला मागायला गेल्यावर घोटाळा होतो तो इथे. आणि बाप्तिस्मा एकदाच होतो. कॅथलिक किंवा मेथॉडिस्ट चर्चमध्ये पाण्याने, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल तर तो पुन्हा देत नाहीत, त्या चर्चचा दाखला पुरतो.

मूल दवाखान्यात अत्यवस्थ असेल तर पाळक येईपर्यंत थांबायची गरज नाही. कोणीही बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती माणूस पाणी ओतून ते शब्द म्हणू शकतो. नंतर पाळकांना कळवायचं. मूल बरं झालं की त्याला मंडळीपुढे आणून स्वीकारतात आणि नोंद करतात.

नोंदीकडे नीट बघा. जुन्या पद्धतीच्या रजिस्टरात जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, बाळाचं नाव, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. बाळाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने उतरवून घ्या. जन्मदाखल्यावर एक आणि इथे घरातलं लाडकं नाव, असं झालं की पंचवीस वर्षांनी व्हिसाच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार या कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून सरकारी जन्मदाखलाच चालतो. बाप्तिस्म्याचा दाखला त्याची जागा घेत नाही.

दृढीकरण आणि प्रभुभोजन

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यात आईबापांनी आपल्या वतीने दिलेली वचनं स्वतःच्या तोंडाने देणं. मुलं साधारण किशोरवयात येतात, पण पन्नाशीतला माणूसही येऊ शकतो. वर्गात विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि संस्कारांचा अर्थ शिकवतात. बिशपसाहेबांच्या भेटीच्या तारखेवर सगळं अवलंबून असल्याने नाव लवकर द्यावं. बाप्तिस्म्याचा दाखला आणि फोटो, एवढंच लागतं. डोक्यावर हात ठेवून बिशप प्रार्थना करतात आणि त्यानंतर माणूस पूर्ण सभासद होतो. मंडळीच्या सभेत मत देणं, पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर, निवडून येणं याचा मार्ग इथून जातो. तेव्हा वर्गणीची पावतीही जपून ठेवा, यादीतून नाव गळतं ते बहुधा ती नसल्यामुळे.

प्रभुभोजनाला अर्ज नाही. 1662 च्या त्या प्रार्थनापुस्तकात मात्र आदल्या दिवशी पाळकांना नाव कळवायची सूचना आहे आणि वर्षातून निदान तीनदा, त्यात एकदा ईस्टरला, सहभागी व्हावं असंही लिहिलेलं आहे. पाहुण्या मंडळींनी उपासनेआधी पाळकांशी बोलून घ्यावं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी प्रभुभोजन देतात. निरोप दिला की पाळक येतात, टेबलावर स्वच्छ कापड आणि घरची माणसं असली की झालं.

विवाह

इथे चर्चसोबत कायदाही येतो: भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, 1872. दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी हा कायदा लागू होऊ शकतो. पण कायदा परवानगी देतो म्हणून चर्च लग्न लावेलच असं नाही, तो निर्णय पाळक आणि बिशप घेतात. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर बरेच जण 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न करतात आणि नंतर चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना मागतात.

मुलगा 21 आणि मुलगी 18 वर्षं पूर्ण हवेत. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, जमल्यास दृढीकरणाचेही, वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि दुसऱ्याच्या मंडळीचं ना हरकत पत्र, असा हा गठ्ठा. विधुर-विधवेला आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. घटस्फोटितांना कोर्टाचा हुकूमनामा, आणि अपिलाची मुदत संपलेली असणं, दोन्ही दाखवावं लागतं. तेवढ्यावरही चर्चचा होकार गृहीत धरू नये, आधी भेटून बोलावं.

मग बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर सूचना. तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि कोणाला हरकत असेल तर सांगा म्हणतात. मुलगा सोलापूरचा आणि मुलगी नाशिकची असेल तर दोन्हीकडे वाचतात आणि एकीकडचं वाचून झाल्याचं पत्र दुसरीकडे आणावं लागतं. म्हणजे तीन रविवार, पोस्ट-व्हॉट्सअ‍ॅपचे दिवस आणि पाळकसाहेबांची सुट्टी धरून दीड-दोन महिने हाताशी ठेवा. हॉल आधी बुक करून मग चर्चमध्ये येणारे या टप्प्यावर घामाघूम होतात. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासकाळात अनेक मंडळ्या लग्न लावत नाहीत, हेही बघून मुहूर्त धरा.

लॉन्सवर लग्न लावायचं म्हणणाऱ्यांसाठी: इंग्लंडच्या चर्चच्या धर्मगुरूंना उद्देशून या कायद्यात अट आहे की लग्न चर्चमध्येच लागावं, पाच मैलांत चर्च नसेल किंवा बिशपची खास परवानगी असेल तरच इतरत्र. वेळही सकाळी 6 ते संध्याकाळी 7. त्यामुळे लॉन्स रिसेप्शनला ठेवा, नाहीतर बिशप कार्यालयात वेळेवर अर्ज करा. विधीनंतर रजिस्टरवर वधूवर, पाळक आणि दोन साक्षीदार सह्या करतात. फोटोग्राफरच्या घाईत ही सही गडबडीत करू नका, नावाचं एकेक अक्षर वाचा. गोव्यात पद्धत वेगळी आहे, तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंदणी आधी.

जुना दाखला काढायचा असेल तर

ज्या चर्चमध्ये विधी झाला तिथेच अर्ज करा. त्यात पूर्ण नाव, आईवडिलांची नावं आणि अंदाजे वर्ष लिहा. तारीख आठवत नसेल तर "ईस्टरच्या आसपास, 1986" एवढ्यानेही शोधता येतं. लग्नाच्या नोंदीबाबत 1872 च्या कायद्याचं कलम 79 सांगतं की योग्य फी घेऊन रजिस्टर पाहू द्यायचं आणि सहीची नक्कल द्यायची. चर्च बंद झालं असेल किंवा रजिस्टर सापडत नसेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयात चौकशी करा. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या अँग्लिकन नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं असली तरी पणजोबा रेल्वेत किंवा छावणीत नोकरीला असतील तर तिथेही एकदा शोधून बघा.