कामगार कपात व कामगारांचे हक्क (इंदूर)

शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपवणे म्हणजे कामगार कपात. स्वेच्छेचा राजीनामा, वयोमानानुसार निवृत्ती इत्यादी बाबी तीत मोडत नाहीत. औद्योगिक विवाद कायद्यात (1947) याविषयीची व्याख्या व भरपाई 1953 च्या दुरुस्तीने आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 अमलात असून मुख्य तरतुदी तिच्यात कायम आहेत.

व्याख्येच्या व्याप्तीवर दीर्घ वाद झाला. बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्यावर कामगारांनी भरपाई मागितली. चालू उद्योगातील अतिरिक्त मनुष्यबळ कमी करणे एवढीच कपात, असा संकुचित अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला (1956 अखेर, निर्णयसंग्रहामुळे 1957 हेही वर्ष दिले जाते). त्यानंतर उद्योगाचे हस्तांतर व उद्योग बंद होणे यांसाठी 1957 मध्ये स्वतंत्र कलमे घालावी लागली. 1976 मध्ये सुंदर मनी खटल्यात, अवघ्या नऊ दिवसांच्या नेमणुकीची मुदत संपणे हीदेखील कपातच, असे ठरले. 1984 च्या दुरुस्तीने मुदतीचे करार वगळले, तरी ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा व्यापक अर्थ 1990 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायम केला. कायद्याच्या शब्दांना व हेतूला हाच अर्थ अधिक धरून आहे.

वर्षभर सलग नोकरी (12 महिन्यांत 240 दिवस काम पुरते) झालेल्या कामगारास एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन मिळते. सहा महिन्यांवरील तुकडा पूर्ण वर्ष धरतात. सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जातो, आणि वर्षाच्या आत भरती निघाल्यास कपात झालेल्यांना प्राधान्य असते. कारखाने, खाणी व मळे यांत 300 किंवा अधिक कामगार असल्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते. केंद्रीय कायद्यात पूर्वी ही मर्यादा 100 होती. ती वाढवल्याने मध्यम कारखान्यांतील कामगारांचे मोठेच संरक्षण गेले.

ग्रॅच्युइटी (दीर्घ नोकरीबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम) या भरपाईहून वेगळी असते आणि तिचा हिशेबही वेगळा. मासिक वेतन (मूळ वेतन व महागाई भत्ता) 20,800 रुपये आणि नोकरी 18 वर्षे 7 महिने असेल, तर दोन्हींसाठी 19 वर्षे धरतात. दोन्हींत वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, पण ग्रॅच्युइटीसाठी महिना 26 दिवसांचा, म्हणून 2,28,000 रुपये. कपातीच्या भरपाईसाठी 30 दिवसांचा (सर्वोच्च न्यायालय, 2007), म्हणून 1,97,600 रुपये. दोन्ही रकमा देय असतात. ‘फुल अँड फायनल’च्या (अखेरच्या हिशेबाच्या) कागदावर अनेकदा एकच दिसते, आणि त्यासोबत राजीनाम्याचा छापील अर्ज सहीसाठी पुढे केला जातो. त्यावर सही झाली की कपातीची भरपाई मागणे फार कठीण होते. पदनाम ‘मॅनेजर’ असले तरी प्रत्यक्ष काम काय, यावर कामगार हा दर्जा ठरतो. शहरातील सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा.

इंदूरमध्ये या विषयाला कापडगिरण्यांचा इतिहास आहे. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर या वस्त्या गिरणी कामगारांच्या. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली (सरकारी निवेदनांत 1992). 2007 मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे 229 कोटी रुपयांची देणी ठरवली. परंतु जमिनीवरील हक्काच्या वादात ती अडकली. अवसायनात (कंपनी गुंडाळून मालमत्ता विकताना) कामगारांची देणी तारणी धनकोंच्या (तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या) बरोबरीने धरण्याची तरतूद 1985 पासून होती, तरी जमीन विकल्याशिवाय पैसा येणार नव्हता. अखेर 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश अवसायक व कामगार संघटनांच्या हाती आला. लाभार्थी सुमारे 4,800 होते. तोवर अनेक कामगार निवर्तले होते, आणि त्यांच्या वाट्यासाठी वारसांना नात्याचे दाखले जमवावे लागले.

राज्याचे श्रमायुक्त कार्यालय इंदूरलाच आहे. दाद मागण्याची सुरुवात समेट अधिकाऱ्याकडील (मालक-कामगारांत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडील) अर्जाने होते. त्यासाठी नेमणूकपत्र, पगारचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा व हजेरीचा पुरावा लागतो, कारण 240 दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा प्राथमिक भार न्यायालये कामगारावरच टाकतात.