रव्याने धरलेली हवा: फिनलंडची व्हिस्पिपूरो

फिनलंडमध्ये व्हिस्पिपूरो आणि स्वीडनमध्ये क्लाप्ग्रोत म्हणून खाल्ली जाणारी ही गोड लापशी पाणी, लिंगनबेरी, साखर आणि बारीक रवा एवढ्यावर होते. वर चिमूटभर मीठ. फेटल्यावर ती मूस या फेसाळ गोड पदार्थासारखी हलकी, फिकट गुलाबी होते. त्यात ना अंडं असतं, ना क्रीम.

लिंगनबेरी हे उत्तरेकडच्या जंगलांत जमिनीलगत वाढणाऱ्या झुडपाचं लाल, आंबट-तुरट फळ. त्यात मुळातच बेन्झोइक आम्ल असतं. म्हणूनच पूर्वी ही फळं नुसत्या पाण्यात बुडवून हिवाळाभर टिकवत.

१ लिटर पाण्यात ३०० ग्रॅम फळं दहा मिनिटं उकळा. ॲल्युमिनियमच्या पातेल्याशी आम्लाची प्रक्रिया होते, तेव्हा स्टीलचंच घ्या. सालं नको असतील तर रस गाळून घ्या. १०० ग्रॅम साखर घाला आणि उकळत्या रसात १०० ग्रॅम रवा भुरभुरवत सतत ढवळा. एकदम ओतलात तर दाण्यांच्या बाहेरचा स्टार्च क्षणात फुगून चिकट कवच धरतो, आतला रवा कोरडाच राहतो. त्याच त्या गुठळ्या. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं पुरतात. जास्त शिजवल्यास आम्ल स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं आणि लापशी पातळ पडते.

शिऱ्याची सवय मात्र इथे आड येते. रवा भाजायचा नाही, कारण भाजलेला रवा कमी दाटपणा देतो. तूप तर थेंबभरही नको. स्निग्धांशाने बुडबुडे फुटतात.

खरी कसोटी तापमानाची. गरम लापशी सैल असते, तिच्यात शिरलेली हवा वर येऊन निघून जाते. निवताना स्टार्चमधल्या अमायलोजच्या साखळ्या एकमेकींत गुंतत जातात, मिश्रण दाटतं आणि बुडबुडे जागच्या जागी अडकतात. पण फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलीत तर ती इतकी घट्ट बसते की फेटताना तिचे तुकडेच पडतात. म्हणून पातेलं थंड पाण्यात ठेवा, वर साय धरू नये म्हणून मधूनमधून ढवळा आणि लापशी खोलीच्या तापमानाला आली की विजेच्या बीटरने पाच ते दहा मिनिटं फेटा. गडद लाल रंग डोळ्यांदेखत फिका होत जातो. रंगद्रव्य तेवढंच असतं, असंख्य बारीक बुडबुडे प्रकाश विखुरतात म्हणून ते गुलाबी दिसतं. रंग बदलायचा थांबला आणि बीटरच्या रेघा उमटून राहू लागल्या की झालं.

वाढताना भोवती थंड दूध ओततात, वर थोडी साखर. दूध आधीच मिसळून ठेवू नये, आम्लाने ते फाटतं. दुधाच्या कडेला जांभळट छटा आली तर घाबरायला नको: तिथे आंबटपणा कमी होतो आणि फळातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य रंग बदलतं.

लिंगनबेरी मिळाली नाही तर फ्रोझन क्रॅनबेरी चालते. नुसत्या स्ट्रॉबेरीची लापशी मिळमिळीत लागते, तिला लिंबू लागतंच. उरलेली लापशी फ्रिजमध्ये दोनेक दिवस राहते. तळाशी पाणी सुटलं तर थोडा वेळ बाहेर ठेवून पुन्हा फेटा.