खिशातला की गळ्यातला : छोट्या कॅमेऱ्याच्या आणि सुरुवातीच्या डीएसएलआरच्या निवडीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात घरातले कोणी पहिल्यांदा कॅमेरा घ्यायला निघाले की ओळखीच्या फोटोग्राफरला एक प्रश्न हमखास विचारला जात असे : "साधा डिजिटल घेऊ की एसएलआर?" (एसएलआर म्हणजे लेन्समधून आलेले चित्र आतल्या आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; त्याचा डिजिटल प्रकार तो डीएसएलआर.) हा प्रश्न फार जुना वाटतो, पण सामान्य गिऱ्हाइकाला तो विचारता येऊ लागला तो २००३ च्या ऑगस्टनंतर. त्या महिन्यात कॅननचा ईओएस ३००डी हा ६३ लाख पिक्सेलचा कॅमेरा जाहीर झाला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, सोबतच्या लेन्ससह, पहिल्यांदाच हजार डॉलरच्या आत आला. १९९१ मध्ये या जातीचा जो पहिला कॅमेरा बाजारात आला होता, त्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती आणि फोटो साठवण्याचा त्याचा वेगळा खोका खांद्याला अडकवून फिरावे लागत असे. २००४ मध्ये निकॉनचा डी७० आला, २००६ च्या अखेरीस त्याहून लहान आणि स्वस्त डी४० आला, आणि तेव्हापासून पुढची सहा-सात वर्षे ही निवड घराघरांत चर्चेचा विषय होती.

रोलच्या काळात अशी निवड नव्हती असे नाही, पण ती जवळजवळ पेशानेच ठरून जात असे. १९१८ च्या सुमारास या शहरात देशी बनावटीचा चलच्चित्र कॅमेरा तयार झाला, त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, आणि कॅमेऱ्याविषयीचा आदर इथल्या माणसाच्या अंगात मुरलेला आहे. तरीही एसएलआर स्टुडिओवाल्याकडे, आणि घरात फार तर क्लिक थ्रीसारखा बारा फोटोंचा डबा कॅमेरा किंवा नंतरचा प्लास्टिकचा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा, अशी सरळ विभागणी होती. मात्र त्या विभागणीतली एक गोष्ट पुढच्या गोंधळाचे मूळ समजण्यासाठी लक्षात ठेवायला हवी. ३५ मिलिमीटरचा रोल स्वस्त कॅमेऱ्यात घाला की महागड्या, आतली फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरचीच असे. लेन्सचा दर्जा निराळा, पण प्रकाश झेलणारा पृष्ठभाग दोघांचा सारखाच. डिजिटल आल्यावर ही समानता मोडली, आणि ती मोडल्याचे गिऱ्हाइकाला कोणी नीट सांगितले नाही.

न सांगण्याचे मुख्य कारण म्हणजे सेन्सरच्या, म्हणजे रोलच्या जागी आलेल्या प्रकाश झेलणाऱ्या चिपच्या, मापाला दिलेले नाव. छोट्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकावर "१/२.३ इंच" असे छापलेले असे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला २.३ ने भागले की ११ मिलिमीटर येतात, म्हणून वाचणाऱ्याने सेन्सरचा कर्ण ११ मिलिमीटर धरला तर त्यात त्याची काही चूक नाही. प्रत्यक्षात हा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा कर्ण पावणेआठ मिलिमीटरही भरत नाही. उरलेले सव्वातीन मिलिमीटर गेले कुठे, याचे उत्तर टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत सापडते. त्या कॅमेऱ्यांत सेन्सरच्या जागी काचेची नळी असे आणि नळीचे माप तिच्या बाहेरच्या व्यासावरून सांगत. एक इंची नळीत चित्र उमटण्याजोगा भाग सुमारे १६ मिलिमीटर कर्णाचाच मिळे, बाकीची जागा काचेच्या जाडीत आणि कडेत जाई. नळ्या इतिहासजमा झाल्या, चिप आली, तरी मोजण्याची पद्धत तीच ठेवण्यात आली. म्हणजे आज "एक इंची" म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याची कोणतीही बाजू इंचाच्या जवळपासही जात नाही.

डीएसएलआरच्या बाजूलाही नाव सरळ नव्हते. तिथे "एपीएस-सी" असे लिहिलेले असे. ही अक्षरे १९९६ मध्ये आलेल्या एका नव्या रोलच्या पद्धतीची आहेत. त्या रोलवर तीन आकारांचे फोटो घेता येत आणि त्यांपैकी "क्लासिक" नावाचा आकार २५.१ बाय १६.७ मिलिमीटरचा होता. तो रोल डिजिटलच्या लाटेत नाहीसा झाला, पण त्याचे नाव सेन्सरला चिकटले. तेही नेमके नाही, कारण एका कंपनीचा एपीएस-सी सेन्सर २२.२ बाय १४.८ मिलिमीटरचा, तर दुसरीचा २३.६ बाय १५.६ मिलिमीटरचा. अशा रीतीने एका कॅमेऱ्याचे माप अस्तित्वात नसलेल्या नळीवरून आणि दुसऱ्याचे अस्तित्वात नसलेल्या रोलवरून सांगितले जात होते, आणि या दोन मापांची तुलना दुकानात उभ्या असलेल्या माणसाने करायची होती. ती त्याला करता येणे शक्यच नव्हते. म्हणून तो जे समजत होते तेच विचारी : मेगापिक्सेल किती?

इथे उत्तर नेमके उलटे मिळत असे. २००८-०९ च्या सुमारास खिशातले कॅमेरे दहा-बारा मेगापिक्सेलचे झाले होते आणि शेजारच्या काचेत ठेवलेला डी४० अजून सहाच मेगापिक्सेलचा होता. "लहान बाराचा आणि मोठा सहाचा, मग मोठ्याचे जास्तीचे पैसे कशाचे?" हा सवाल मी दुकानांतून अनेकदा ऐकला आहे आणि तो अगदी रास्त होता. मिलिमीटरमध्ये सांगितले असते तर उत्तर एका वाक्यात मिळाले असते. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा, सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा. डी४० चा सेन्सर लहान टपाल तिकिटाच्या आसपासचा, सुमारे ३७० चौरस मिलिमीटरचा. क्षेत्रफळात तेरापटीचा फरक. त्यातही डाळीच्या दाण्यावर बारा मेगापिक्सेल बसवलेले आणि तिकिटावर सहाच, म्हणजे एकेका पिक्सेलच्या वाट्याला येणाऱ्या जागेतला फरक पंचविसापटीच्या पुढे जातो. चार बाय सहा इंचांच्या उत्तम प्रिंटला दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त पुरतात, आणि त्या काळी घरांतले बहुतेक फोटो त्याच आकारात अल्बममध्ये जात होते. तेव्हा मेगापिक्सेलचा आकडा घरगुती गिऱ्हाइकासाठी जवळजवळ निरुपयोगी होता, आणि मोजायला हवे होते ते चौरस मिलिमीटर कागदावर कुठेच सरळ छापलेले नव्हते.

या तेरापटीचा अर्थ कोल्हापूरच्या खासबाग या कुस्तीच्या मैदानात कळतो. दुपारच्या जोड्या सुटून निकाली कुस्तीला हात लागेपर्यंत अंधार पडलेला असतो, दिव्यांचा उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो पण कॅमेऱ्याला तो अपुराच असतो, आणि घिस्सा हा डाव लागतो तो क्षण डोळ्याचे पाते लवण्याआधी संपतो. मल्ल हवेत गोठलेला दिसायचा तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या किंवा पाचशेव्या भागाइतका वेळच उघडे राहिले पाहिजे. त्या वेळच्या छोट्या कॅमेऱ्यात आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायची संवेदनशीलता) ४०० च्या पुढे गेले की लाल मातीच्या जागी रंगीत ठिपक्यांचा चिखल दिसे, आणि बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत जो अवधी जाई, तेवढ्यात खालचा मल्ल वर आलेला असे. डी४० मात्र आयएसओ १६०० ला वापरण्याजोगा फोटो देई आणि बटणासरशी शटर पडे. कुस्ती, रात्रीचे फुटबॉल सामने, मांडवातले लग्न, संध्याकाळी राधानगरीच्या रानात दिसणारा गवा : या कामांना मोठा सेन्सर लागतो, याविषयी दुमत नव्हते आणि नाही.

पण सल्ला देणारे बहुतेक जण याच कामांतले होते, आणि त्यामुळे सल्ल्याचे पारडे सतत एका बाजूला झुकत राहिले असे माझे स्पष्ट मत आहे. पन्हाळ्यावर तीन दरवाजासमोर आजीला उभे करून फोटो काढणाऱ्या कुटुंबाला आजीचा चेहरा आणि मागचे कोरीव काम दोन्ही स्वच्छ हवे असते. लहान सेन्सरचा कॅमेरा ते आपोआप देतो, कारण त्याच्या छोट्या लेन्समधून जवळचे आणि लांबचे दोन्ही एकाच वेळी टिपले जाते. मागचे धूसर होणे हे डीएसएलआरचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले, पण घरच्या अल्बमात ते अनेकदा अडचणच ठरते. शिवाय २००८ च्या आधीच्या बहुतेक स्वस्त डीएसएलआरमध्ये पडद्यावर पाहून फोटो घेता येत नसे, डोळा छिद्राला लावावा लागे, आणि व्हिडिओ तर नव्हताच. बारशाला बाळाचे नाव ठेवताना आत्याचा आवाज टिपणारा कॅमेरा खिशातलाच होता.

जोतिबाच्या चैत्र यात्रेतला एक अनुभव इथे नोंदवतो. सासनकाठ्या नाचत असताना गुलालाच्या ढगात मी डीएसएलआरची लेन्स बदलली. काम पाच-सात सेकंदांचेच होते. त्या दिवसापासून आकाशाच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात तीन करडे ठिपके येऊ लागले, फुंकणीने ते हलेनात, आणि शेवटी सेन्सर साफ करून घेण्यासाठी कॅमेरा बाहेरगावी पाठवावा लागला. माझ्या चुलतभावाने त्याचा छोटा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. एका हाताने बाहेर काढायचा, फोटो घ्यायचा, परत आत. त्याच्या फोटोंत गुलालाचा रंग किंचित फिका आला, पण सगळे फोटो आले. अर्थात छोट्या कॅमेऱ्याच्या बाहेर सरकणाऱ्या नळीत बारीक कचरा शिरला की लेन्स अर्ध्यावर अडकते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळ जातो, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या भागातल्या पावसाचाही या निवडीशी संबंध आहे. जून ते सप्टेंबर कपाटात बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. स्टुडिओवाले घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवतात आणि अधूनमधून उन्हे दाखवतात. ज्या घरात कॅमेरा गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सहल एवढ्यालाच बाहेर निघतो, तिथे ही निगा कोणी राखत नाही. रोज हाताळला जाणारा खिशातला कॅमेरा बुरशीला फारसा बळी पडत नाही, हा अनुभव सल्ला देताना क्वचितच सांगितला गेला.

डीएसएलआरच्या बाजूने केला जाणारा खरा युक्तिवाद लेन्स बदलण्याचा होता, आणि तो व्यवहारात लंगडा पडला. सोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स झूमच्या हिशेबात जेमतेम तिप्पट; खिशातल्या कॅमेऱ्यावर तेव्हा दहापट लिहिलेले असे. त्या लेन्सचे तोंड ५५ वर एफ ५.६ इतकेच उघडते (एफचा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे), म्हणजे खासबागेत तीही कमीच पडते. तिथे ५० मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स लागते, जी जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि त्या मानाने स्वस्तही असते. पण डी४० मध्ये फोकसची मोटर काढून टाकलेली असल्याने त्या कंपनीची तेव्हाची स्वस्त ५० त्यावर आपोआप फोकस करत नसे. स्वतःची मोटर असलेली ३५ मिलिमीटरची परवडणारी लेन्स २००९ मध्ये आणि ५० ची २०११ मध्ये आली. तोपर्यंत ज्यांनी कॅमेरा घेतला, त्यांच्यातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी पहिल्या दिवशी लावलेली लेन्स कधी काढलीच नाही. न निघणाऱ्या लेन्सचा डीएसएलआर म्हणजे एक जड कॅमेरा, आणि जड कॅमेरा सहलीच्या दिवशी घरीच राहतो.

मधली वाट २०१२ मध्ये उघडली. त्या वर्षी शर्टाच्या खिशात मावणारा, "एक इंची" सेन्सरचा सोनीचा आरएक्स १०० आला. आधी सांगितलेल्या गोंधळामुळे त्याचे महत्त्व इथे लवकर कळले नाही, पण ११६ चौरस मिलिमीटरचा त्याचा सेन्सर जुन्या छोट्या कॅमेऱ्याच्या चौपट होता. त्याच्या चार वर्षे आधी, २००८ मध्येच, आरसा काढून टाकलेले पण लेन्स बदलता येणारे कॅमेरेही सुरू झाले होते. तरी निर्णायक ठरला तो मोबाईल. जगभरात कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांची संख्या २०१० मध्ये बारा कोटींच्या वर गेली होती. २०२० मध्ये ती एक कोटीच्याही खाली आली. घट मुख्यतः छोट्या कॅमेऱ्यांची होती. स्वस्त डीएसएलआर आणखी काही वर्षे टिकले, २०१८ चा डी३५०० हा निकॉनच्या स्वस्त मालिकेतला शेवटचा ठरला, आणि आता नव्या कॅमेऱ्यांत आरसा क्वचितच दिसतो.

तरीही प्रश्न संपलेला नाही, कारण जुन्या मालाच्या बाजारात तो पुन्हा विचारला जातो आहे. कॉलेजच्या मुलामुलींना २००७-०८ च्या छोट्या कॅमेऱ्यांचा रंग आवडू लागला आहे, आणि अनेक वर्षांच्या घसरणीनंतर २०२४ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांचा जागतिक आकडाही थोडा वर सरकला. दुसरीकडे, फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्याला जुना डीएसएलआर मोबाईलपेक्षा कमी पैशांत मिळतो. असा कॅमेरा घेताना लेन्स काढून तिच्या मागून मोबाईलची टॉर्च धरावी आणि पुढून आत पाहावे. कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि भाव उतरवून दिला तरी लेन्स घेऊ नये. छोट्या कॅमेऱ्याची नळी चार-पाच वेळा आत-बाहेर करून खरखर येते का ते ऐकावे, आणि त्याची बॅटरी आजही मिळते की नाही याची खात्री पैसे देण्याआधी करावी.