बहुपदी फलन

बहुपदी फलन : चल राशीचे घात स्थिर संख्यांनी (म्हणजे सहगुणकांनी) गुणून आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून मिळणारे फलन. घातांक ०, १, २, ३ अशा पूर्ण संख्याच असाव्या लागतात. फ(क्ष) = क्ष³ − ३क्ष + २ हे त्याचे साधे उदाहरण. चल छेदात किंवा वर्गमुळाच्या चिन्हाखाली अडकला की ती राशी बहुपदी राहत नाही. सहगुणक मात्र √२ असला तरी चालतो. बंधन घातांकावर आहे, सहगुणकावर नाही. परीक्षेत नेमकी इथेच गफलत होते.

बहुपदीतील चलाचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे तिची कोटी. दोन बहुपदींच्या गुणाकारात कोटींची बेरीज होते. बेरजेत मात्र वरची पदे एकमेकांना छेदून गेली तर कोटी उतरते. शून्येतर स्थिर बहुपदीची कोटी ० असते. शून्य बहुपदीला कोटी देत नाहीत, कारण कोणताही आकडा दिला तरी गुणाकाराचा नियम मोडतो.

प्रत्येक वास्तव संख्येसाठी बहुपदी फलनाची किंमत काढता येते. त्याचा आलेख कुठे तुटत नाही आणि त्याला टोकदार कोपराही येत नाही. दूरवर आलेख कुठे जाणार हे एकटे सर्वोच्च घाताचे पद ठरवते. वरच्या उदाहरणात क्ष = १०० घेतल्यास किंमत ९,९९,७०२ येते; त्यात क्ष³ चा वाटा १०,००,००० आहे, बाकीची पदे जेमतेम २९८ ने ती खाली आणतात. कोटी विषम असेल तर आलेखाचे एक टोक वर व दुसरे खाली जाते. आलेख अखंड असल्याने मध्ये कुठेतरी त्याला क्ष-अक्ष ओलांडावाच लागतो, म्हणून विषम कोटीच्या बहुपदीला निदान एक वास्तव शून्य, म्हणजे फलनाची किंमत ० करणारी वास्तव संख्या, असतेच. सम कोटीत ही हमी नाही; क्ष² + १ ला एकही वास्तव शून्य नाही.

ज्या किमतीला फलन ० होते ती किंमत म्हणजे बहुपदीचे शून्य. शेष सिद्धांतानुसार बहुपदीला (क्ष − अ) ने भागल्यास बाकी फ(अ) उरते. ती ० असेल तर (क्ष − अ) हा अवयव ठरतो. आपल्या उदाहरणात फ(१) = १ − ३ + २ = ०, म्हणून (क्ष − १) ने भाग जातो. भागाकार क्ष² + क्ष − २ येतो आणि अखेर फ(क्ष) = (क्ष − १)²(क्ष + २) असे अवयव मिळतात. क्ष = −२ पाशी आलेख अक्ष ओलांडतो, तर क्ष = १ पाशी अक्षाला नुसता टेकून माघारी फिरतो, कारण तिथला अवयव दोनदा, म्हणजे सम वेळा, आला आहे. अवयवांच्या मांडणीत आलेखाचे चित्र असे आधीच दडलेले असते, आणि बहुपदींचा अभ्यास करण्यातली खरी गोडी हीच आहे.

प्रत्येक शून्यामागे एक अवयव असल्याने शून्यांची संख्या कोटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. आलेखाची वळणे तर कोटीपेक्षा निदान एकाने कमीच असतात. संमिश्र संख्या (−१ चे वर्गमूळ धरून बनणाऱ्या संख्या) घेऊन आणि पुनरावृत्ती धरून मोजल्यास शून्ये कोटीइतकीच भरतात; हाच बीजगणिताचा मूलभूत सिद्धांत. ती शोधण्याचे सूत्र मात्र दरवेळी मिळत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या कोटीची रीत इटालियन गणितज्ञ कार्दानो यांच्या १५४५ मधील ग्रंथात छापली गेली. पाचव्या कोटीसाठी घातमुळांचे (वर्गमूळ, घनमूळ अशा मुळांचे) सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेचे गणितज्ञ आबेल यांनी १८२४ मध्ये दाखवले.

कोटीची खूण किमतींच्या तक्त्यातही सापडते. क्ष = ०, १, २, ३, ४ साठी आपल्या फलनाच्या किमती २, ०, ४, २०, ५४ येतात. लगतच्या किमतींतील फरक −२, ४, १६, ३४. त्या फरकांतील फरक ६, १२, १८. आणि तिसऱ्या फेरीला ६, ६. तिसऱ्या कोटीच्या बहुपदीत तिसरा फरक असा स्थिर होतो.