म्हाडाची लॉटरी

म्हाडाची लॉटरी म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण आपली घरं विकण्यासाठी जी संगणकीय सोडत काढतं ती. जाहिरातीत शब्द 'सोडत' असतो पण बोलताना सगळे लॉटरीच म्हणतात, आणि नाव आलं की 'घर लागलं'. प्राधिकरण 1976 च्या कायद्याने आलं आणि 1977 च्या डिसेंबरात सुरू झालं, मुख्यालय वांद्रे पूर्वेला, गृहनिर्माण भवन. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर ही मंडळं आपापली सोडत वेगळी काढतात. पण वाट बघायची खरी परीक्षा मुंबईत होते, म्हणून इथे जास्त मुंबईचंच लिहिलंय.

मुंबई मंडळाने 2019 मध्ये 217 घरांची सोडत काढली आणि त्यानंतरची मोठी सोडत थेट 14 ऑगस्ट 2023 ला निघाली, 4082 घरांची, नरिमन पॉइंटच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये. पुढची 8 ऑक्टोबर 2024 ला, 2030 घरं आणि अर्ज 1 लाख 13 हजारांच्या वर, म्हणजे एका घरामागे पन्नासपेक्षा जास्त माणसं. पण लोकांना जास्त पिडतो तो मधला चार वर्षांचा काळ. कारण नुसतं थांबून राहता येत नाही, आपण थांबलो तरी आपली पात्रता थांबत नाही. पगार वाढतो आणि गट बदलतो, वय वाढतं आणि बँक कर्जाची मुदत कमी करते, आणि पोरं मोठी होतात ती वेगळीच.

गट चार आहेत. 2022 च्या बदलानंतर मुंबई महानगरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, 9 लाखांपर्यंत अल्प, 12 लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. कुटुंबाचं म्हणजे नवरा-बायको दोघांचं मिळून, आणि इथेच बरेच जण अडकतात, कारण बायकोने शिकवणीचं किंवा शिवणकामाचं रिटर्न भरलेलं असलं की ते पण धरलं जातं. खालच्या गटातल्याला वरच्या गटात अर्ज करता येतो, वरच्याला खाली येता येत नाही. त्यामुळे अल्प गटाच्या काठावर असलेलं कुटुंब एका इन्क्रिमेंटने मध्यमात जातं आणि तिथल्या किमती त्या इन्क्रिमेंटने परवडण्यासारख्या होत नाहीत. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात दुखरा भाग हा आहे, नशिबाचा नंबर त्याच्या नंतर.

बाकीच्या अटींपैकी मुख्य दोन. अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी हवा, आणि त्या मंडळाच्या क्षेत्रात त्याच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलांच्या नावावर पक्कं घर नको. आधी सोडत व्हायची आणि मग कागद तपासले जायचे, त्यात विजेत्यांच्या फायली वर्षानुवर्षं फिरायच्या. 2023 पासून नवीन संगणक प्रणाली आली आणि उलटं झालं: कागद आधी अपलोड करायचे, तपासणी आधी, आणि पात्र ठरलेल्यांमध्येच सोडत. ही सुधारणा खरंच चांगली आहे. पण आता तयारी जाहिरातीच्या आधी करावी लागते. अधिवास प्रमाणपत्र बारकोडवालं, 2018 नंतर काढलेलं हवं, जुनं पिवळं पडलेलं चालत नाही. आधारला मोबाईल जोडलेला हवा. नवरा-बायको दोघांचं आधार-पॅन, रिटर्न किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आरक्षणातून भरणार असाल तर जातीचं प्रमाणपत्र, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत. ज्यांना जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्रात पळावं लागतं त्यांचे पंधरा-वीस दिवस तिथेच जातात.

अर्ज भरताना योजनेचा संकेत क्रमांक निवडायचा असतो आणि अनुभवी लोक इथे फार डोकं लावतात. गोरेगाव पहाडीसारख्या ठिकाणी (2023 मध्ये तिथे अत्यल्प गटाची 322 चौरस फुटांची 1947 घरं होती) घरं जास्त पण गर्दी पण जास्त, आणि कुठे एखाद्या इमारतीत दोन-तीनच घरं पण अर्जही मोजके. अर्जाचे पैसे (2023 ला जीएसटीसह 590 रुपये) परत येत नाहीत, अनामत मात्र नंबर नाही लागला तर खात्यात परत येते. 2023 ला ती अत्यल्पसाठी 25 हजार आणि अल्पसाठी 50 हजार होती. दोन योजनांत भरायचं तर दोन अनामती, म्हणून बरेच जण भिशी उचलून किंवा दागिने गहाण ठेवून भरतात.

सोडतीच्या दिवशी आता वेबकास्टिंग असतं. पूर्वी वांद्र्याच्या रंगशारदाला लोक सकाळपासून उभे असायचे, आता घरोघरी मोबाईलवर बघतात. आमच्याकडे संध्याकाळी यादी आली तेव्हा आईने चष्मा पुसून स्वतः अर्ज क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शोधले, दोनदा, मग प्रतीक्षा यादीत पण शोधले, आणि नाही दिसले तेव्हा फोन उलटा ठेवून कुकर लावायला उठली.

लागलं तरी वाट संपत नाही. सूचना पत्र, स्वीकृती, मग देकार पत्र (घर देऊ केल्याचं पत्र), मग ठरल्या मुदतीत आधी 25 टक्के आणि नंतर उरलेले 75 टक्के, त्यावर मुद्रांक शुल्क. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी) नसेल तर ताबा लांबतो आणि भाडं चालूच राहतं. कर्ज झालं नाही म्हणून घर परत करणारे पण असतात. ताबा मिळाल्यावर पाच वर्षं विकता येत नाही. कोणी 'आतून सेटिंग' करून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका, म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही.

गिरणी कामगारांची सोडत वेगळी, आणि वाट बघण्याबद्दल बोलताना ती बाजूला ठेवताच येत नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जमिनींच्या वाट्यातून कामगारांना घरं द्यायचं ठरलं. पहिली सोडत निघाली 2012 ला, 6925 घरांची, संपाला तीस वर्षं झाल्यावर. एकूण अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात गेले. 1 मार्च 2020 ला बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या 3894 घरांची निघाली. पनवेलजवळ कोन गावातल्या घरांची सोडत 2016 ला झाली, कोविडमध्ये तीच घरं विलगीकरणाला वापरली गेली, आणि चाव्या हातात यायला सात वर्षांच्या वर गेली. पात्रतेसाठी कामगार 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता हे दाखवावं लागतं, म्हणून लालबाग-परळमधून कोकणात आणि घाटावर परत गेलेल्या कित्येक घरांत अजून तिकीट नंबराचा कागद, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची चिठ्ठी असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं आहे. ज्याच्या नावाचं ते कार्ड तो माणूस बऱ्याचदा आता नाही, अर्ज वारसाच्या नावावर चालतो, आणि पिशवीत आता त्याचा मृत्यूचा दाखला पण असतो.