पुढचा ओटू की मागचा?

डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटतं, गाडी गॅरेजला जाते, मिस्त्री स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर लावतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो : "सायेब, ओटू गेलाय. बदलाय लागंल." साताऱ्यात गोडोलीपासून एमआयडीसीपर्यंत कुठल्याही गॅरेजात हे वाक्य कानावर पडेल. त्यावर गाडीमालकानं आधी एवढंच विचारावं : पुढचा का मागचा? हल्लीच्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे मिस्त्रीचा 'ओटू', किमान दोन असतात. काढून शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुठे होता हे सांगता येऊ नये, इतके ते बऱ्याचदा सारखे दिसतात. कामं मात्र दोघांची अजिबात सारखी नाहीत.

इंजिनातून जळालेला वायू बाहेर पडतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये, तिथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (गॅरेजात नुसतं 'कॅट') आणि मग सायलेन्सरकडे. कॅटच्या अलीकडे बसतो तो पुढचा सेन्सर, पलीकडे बसतो तो मागचा. स्कॅनरवर पुढच्याला 'बँक १ सेन्सर १' आणि मागच्याला 'बँक १ सेन्सर २' म्हणतात. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत साधारणपणे बँक (सिलिंडरची रांग) एकच असते, म्हणून लक्ष फक्त शेवटच्या आकड्याकडे ठेवायचं.

दोघांच्या आतलं तत्त्व एकच. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची, एका टोकाला बंद असलेली छोटी नळी. तिच्या बाहेरून जळालेला वायू जातो, आत साधी बाहेरची हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की नळी स्वतःच व्होल्टेज तयार करते. मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, तर ०.८-०.९ व्होल्ट. लीन, म्हणजे हवा जास्त, तर ०.१ च्या आसपास. मध्ये ०.४५ ला सीमारेषा. हे सगळं नळी तीनशे-साडेतीनशे अंशांना तापल्यावरच, म्हणून आत हीटर दिलेला असतो. चार वायरींपैकी दोन पांढऱ्या दिसल्या तर बहुधा त्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची.

आता फरक. कुस्तीच्या फडातला वस्ताद आणि पंच आठवा. वस्ताद बाहेरून सारखा ओरडत असतो आणि त्याचं ऐकून पैलवान डाव बदलतो. पंच फक्त पाहतो आणि निकाल देतो. पुढचा सेन्सर वस्ताद, मागचा पंच.

पुढच्याचं सांगणं इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, दर क्षणाला ऐकतो. लीन म्हणाला की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवायचा, रिच म्हणाला की कमी. एवढी कसरत कशासाठी? कॅटसाठी. कॅटमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा एकदम बंदोबस्त करतात, पण मिक्श्चर १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तेव्हाच. प्रमाण लीनकडे सरकलं की नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, रिचकडे गेलं की बाकीची दोन.

इंजिन गरम करून अडीच हजार आरपीएमला धरा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे ग्राफ एकाखाली एक लावा. पुढचा ०.१ ते ०.८ च्या दरम्यान सेकंदाला एखादा हेलकावा खात असतो, खाली-वर, खाली-वर. मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेषा. नवख्या पोराला वाटतं की मागचा मेलाय. उलट आहे, ती सरळ रेषा म्हणजे कॅट ठणठणीत असल्याची खूण. कॅटमध्ये सेरियम ऑक्साइडचा थर असतो. ऑक्सिजन जास्त आला की तो साठवतो, कमी पडला की सोडतो. त्यामुळे पुढचे हेलकावे मागपर्यंत पोचतच नाहीत. कॅट म्हातारा झाला की हा साठा आटतो, मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागतो आणि ईसीएम पी ०४२० हा कोड टाकतो.

इथे एक अडचण सांगून टाकतो. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, म्हणजे रिच की लीन एवढंच नाही तर किती तेही मोजणारा. वायरी पाच किंवा सहा, आणि स्कॅनरवर व्होल्टऐवजी लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे अगदी बरोबर) किंवा मिलिअँपिअर. त्याचा ग्राफ असा नाचत नाही, लॅम्डा १ च्या आसपास हलका तरंगत राहतो. जुन्या सवयीनं पाहिलं तर तोही मेलेलाच वाटतो आणि चांगला सेन्सर भंगारात जातो. मागचा मात्र बहुतेक ठिकाणी अजून तोच जुना ०.१ ते ०.९ वाला.

दोघांचं वयही वेगळं. बॉशनं लॅम्डा सेन्सरचं, म्हणजे याच ऑक्सिजन सेन्सरचं, उत्पादन १९७६ ला सुरू केलं आणि तो आधी आला व्हॉल्वोच्या कॅलिफोर्नियात जाणाऱ्या गाड्यांत. तो हा पुढचा. मागचा आला ओबीडी-२ या, गाडीनं स्वतःचे दोष स्वतः ओळखण्याच्या नियमाबरोबर, कारण कॅट काम करतोय की नाही हे गाडीनंच तपासत राहावं अशी अट त्या नियमात होती. अमेरिकेत हे १९९६ च्या मॉडेलपासून, आपल्याकडे कारसाठी एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या अनेक गाड्यांत सेन्सर एकच होता. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी 'ओटू' एकवचनात बसलाय तो त्यामुळेच असावा.

आता कामाची गोष्ट. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच खराब असं नाही. बऱ्याच वेळा सेन्सर खरं बोलत असतो आणि आपण त्यालाच फाशी देतो.

पी ०१७१ घ्या, सिस्टिम लीन. पुढच्या सेन्सरला सतत ऑक्सिजन जास्त दिसतोय, ईसीएम पेट्रोल वाढवत वाढवत मर्यादेला टेकला. कारण काय? एअर फिल्टरच्या पुढे पाइपला चीर, हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅसकेट उडालेलं, व्हॅक्यूमची नळी निखळलेली, पेट्रोल पंपाचं प्रेशर कमी, इंजेक्टर चोक. सेन्सर या यादीत बराच खाली येतो. अजून एक फसवं कारण म्हणजे सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बारीक लीक. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिन लीन नसतानाही लीन दिसतं. थंड इंजिन चालू केल्यावर बॉनेटखालून 'टिकटिक' येते आणि गरम झाल्यावर थांबते, तर आधी तिथे पाहा.

मिस मारणारं इंजिन याहून घातक. एका सिलिंडरला ठिणगीच पडली नाही तर त्यातलं पेट्रोल आणि हवा दोन्ही तसंच बाहेर येतं. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन कळतो. तो म्हणतो 'लीन', ईसीएम अजून पेट्रोल ओततो, आणि ते सगळं जाऊन कॅटमध्ये पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी वितळते. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष केलं म्हणून कॅट गेला, असं होतं ते याच वाटेनं. चेक लाइट नुसती न जळता उघडझाप करत असेल तर ती सहसा याचीच सूचना असते. अशा वेळी गाडी दामटू नये.

पुढच्या सेन्सरचा स्वतःचा दोष असतो तेव्हा कोड जरा निराळे : पी ०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद, पी ०१३५ म्हणजे हीटरचं सर्किट. मागच्याच्या हीटरचा पी ०१४१. हीटरचा कोड आला तर सेन्सर मागवण्याआधी फ्यूज बघा आणि वायर हातानं चाचपत कपलरपर्यंत (वायरीच्या जोडापर्यंत) जा. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसऱ्याला येतात आणि त्यांना वायरी फार आवडतात. मागचा सेन्सर गाडीच्या पोटाखाली असेल तर चिखल आणि पाणी त्याच्या वाट्याला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या कराड-सांगलीकडच्या गाड्या घेताना हे कपलर उघडून आत हिरवट गंज आहे का ते जरूर पाहावं.

लक्षणांतही फरक आहे. पुढचा गेला तर ईसीएम अंदाजपंचे ठरलेल्या हिशोबानं पेट्रोल देतो. ॲव्हरेज पडतं, आयडलिंग डळमळतं, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो. मागचा गेला तर बहुतेक गाड्यांत चालवणाऱ्याला काहीच कळत नाही, फक्त लाइट. काही इंजिनं मिक्श्चरच्या बारीक दुरुस्तीसाठी मागच्याचाही कौल घेतात, पण परिणाम किरकोळ. म्हणून "पिकअप नाही, मागचा ओटू बदला" असं कुणी म्हटलं तर पाकीट खिशातच राहू द्या.

ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, विषय निघतोच, विशेषतः आपल्या ऊसपट्ट्यात. कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघणाऱ्या इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो, वजनाच्या साधारण ३५ टक्के. त्याला जळायला हवा कमी लागते : एका भागाला नऊच भाग. म्हणून शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं सोडलेलं तेवढंच ई-२० लीन पडतं आणि पुढचा सेन्सर ते लगेच सांगतो. ईसीएम आठेक टक्के इंधन वाढवतो. ई-१० वरून आलात तर चारेक टक्के. स्कॅनरवर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' (ईसीएमनं इंधनात केलेली वाढ-घट, टक्क्यांत) थोडा अधिक दिसतो तो यामुळेही. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर मी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. पंचविसाकडे गेला तर इथेनॉलला दोष देऊन चालणार नाही, कुठेतरी खरी भानगड आहे. मागच्या सेन्सरचा या प्रकरणाशी जवळजवळ संबंध नाही.

कॅट खरंच गेलाय का हे पाहायची एक झकास जागा आपल्या दारातच आहे. कासहून यवतेश्वर घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा, ईसीएम इंजेक्टर बंद करतो. निव्वळ हवा बाहेर पडते, दोन्ही सेन्सर शून्याकडे येतात, कॅट ऑक्सिजननं भरतो. मग हलका पाय दिला की पुढचा लगेच वर उडी मारतो. चांगल्या कॅटच्या गाडीत मागचा थोडा थांबून चढतो, कारण मधला साठा आधी संपावा लागतो. दोघं एकदमच चढले तर पी ०४२० खरं बोलतोय. स्कॅनर शेजारी बसलेल्यानं बघायचा, चालवणाऱ्यानं नाही.

तरीही नवा कॅट लगेच घालू नका. तो का गेला ते आधी शोधा. इंजिन ऑइल पीत असेल किंवा मिस मारत असेल तर नवाही त्याच वाटेनं जाईल. काही ठिकाणी स्वस्तातला तोडगा सुचवतात : मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला वायूपासून लांब उचलायचा. ग्राफ सरळ होतो, लाइट जाते, धूर तोच राहतो. मला ही सरळ लबाडी वाटते.

"पण पीयूसी तर पास झाली," असं यावर हमखास ऐकायला मिळतं. पीयूसीवाला सायलेन्सरात नळी घालून गरम इंजिनचा वायू उभ्या गाडीत मोजतो. तुमच्या ईसीएमला तो काही विचारत नाही. लाइट पेटलेली गाडी पास होऊ शकते.

सेन्सर बदलायचाच ठरला तर वायरीसाठी खाच असलेला २२ चा सॉकेट वापरायला सांगा आणि इंजिन कोमट असताना काढा, नाहीतर आटे निघून येतात. नव्याच्या टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन लागू द्यायचं नाही. सिलिकॉननं सेन्सर कायमचा मरतो. बिलावर 'ओटू सेन्सर १ नग' एवढंच नको, पुढचा की मागचा ते लिहून घ्या. कोड पुसल्यावर ईसीएमला कॅटची तपासणी पुन्हा पूर्ण करायला एकसारख्या वेगाचं चालणं लागतं. राजवाडा ते पोवई नाका अशा फेऱ्यांत ती अर्धवटच राहते. हायवेनं कराडपर्यंत जाऊन या आणि मग स्कॅनरवर या तपासणीचा मॉनिटर 'पूर्ण' दाखवतोय का ते बघूनच मिस्त्रीचे पैसे चुकते करा.